हुकूम मिनिटांत, शिपाई वर्षांनी: आंतरग्रहीय संघराज्याची घटना कशी बांधावी

प्रश्न थोडक्यात असा: कादंबरीमालेसाठी सूर्यमालेत एक संघराज्य उभं करायचं आहे. पृथ्वी, चंद्र, मंगळ, लघुग्रह पट्टा, गुरूचे उपग्रह आणि शनीचा टायटन हे सहा घटक. प्रकाशापेक्षा वेगवान काही नाही. केंद्राकडे कोणते अधिकार द्यावेत, संसद कशी चालेल, निवडणुका कशा होतील आणि एखादा घटक फुटून निघाला तर काय होईल? वाचकाला पटेल असं हे सगळं कसं रचायचं?

केंद्रसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची मांडून सुरुवात करू नका. आधी दोन तक्ते करा, एक संदेशाचा आणि एक माणसाचा. पहिल्यात प्रकाशाला लागणारा एकेरी वेळ लिहा. पृथ्वीहून चंद्र १.३ सेकंद, मंगळ ३ ते २२ मिनिटं, लघुग्रह पट्ट्यातला सर्वांत मोठा पिंड सेरेस साधारण १५ ते ३० मिनिटं, गुरू ३३ ते ५४ मिनिटं, शनी एक तास सात मिनिटांपासून दीड तासापर्यंत. दुसऱ्यात जहाजाचा प्रवास लिहा. कमीत कमी इंधनाच्या होहमान मार्गाने मंगळ सुमारे २५९ दिवस, सेरेस सव्वा वर्ष, गुरू पावणेतीन वर्षं, शनी सहा वर्षं. त्याच्या शेजारी निघण्याची संधी किती दिवसांनी येते तेही लिहा: मंगळासाठी दर २६ महिन्यांनी, सेरेससाठी सुमारे १५, गुरूसाठी १३, शनीसाठी साडेबारा महिन्यांनी. तुमच्या गोष्टीतली इंजिनं याहून चांगली असतील तर दुसरा तक्ता हवा तेवढा आखडता घ्या. मंगळाचा प्रवास एका महिन्यावर आणला तरी माणूस संदेशापेक्षा सुमारे दोन हजार पट तरी सावकाश जातो. तुमच्या संघराज्याचं सगळं राजकारण या तफावतीतून निघणार आहे.

इथे बहुतेक लेखक चुकतात, कारण ते शिडाच्या जहाजांच्या काळातली साम्राज्यं उचलून अवकाशात ठेवतात. त्या काळात बातमी आणि फौज एकाच वेगाने जात. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातला गेंटचा तह २४ डिसेंबर १८१४ ला झाला, तरी न्यू ऑर्लिन्सची लढाई ८ जानेवारी १८१५ ला झाली, कारण तहाची बातमी अजून समुद्रातच होती. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला पडलं आणि नानासाहेबांना ते दहाएक दिवसांनी, वाटेत भेटलेल्या सावकारी पत्रातून समजलं. त्या राज्यकर्त्यांची अडचण अज्ञानाची होती. तुमच्या केंद्राला अज्ञान नसेल. गुरूचा उपग्रह कॅलिस्टो इथली गोदी बंडखोरांनी ताब्यात घेतल्याचं मंत्रिमंडळाला पाऊण तासात कळेल, चित्रांसकट कळेल, आणि पुढची जवळपास तीन वर्षं त्यावर बळाने काहीही करता येणार नाही. उलट कॅलिस्टोला इथल्या ताफ्याची इंजिनं पेटलेली त्याच पाऊण तासात दिसतील. म्हणजे तयारीला, वाटाघाटीला, वाटल्यास नवं सरकार निवडायला तिच्याकडे तीन वर्षं असतील. हुकूम मिनिटांत पोहोचतो, शिपाई वर्षांनी. सक्तीने एकत्र ठेवता येत नाही अशी ही रचना आहे, हे पहिल्या प्रकरणापासून तुमच्या डोक्यात पक्कं असू द्या.

केंद्राच्या हाती काय

सक्ती जमत नसेल तर घटक संघात का राहतो? केंद्राकडून रोज मिळणारी एखादी गोष्ट त्याला दुसरीकडून मिळत नाही म्हणून. तेव्हा केंद्राचे विषय ठरवताना कोणता विषय मोठा वाटतो हे पाहू नका. तो विषय सगळ्यांना रोज लागतो का, आणि तो तुकड्यातुकड्याने चालवला तर बिघडतो का, एवढंच विचारा. या कसोटीला पुढच्या गोष्टी उतरतात: सामाईक कालमापन आणि दिशादर्शन, रेडिओ लहरींचं वाटप, वाहतूक नियंत्रण, गोदीच्या जोडण्या आणि सुट्या भागांची मानकं, रोगप्रतिबंधक विलगीकरण, घटकांमधल्या चलनाची देवघेव आणि अणुइंधन. शेवटचा विषय बाहेरच्या घटकांसाठी जीवनमरणाचा आहे. गुरूपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीच्या सुमारे सत्ताविसाव्या भागाएवढा आणि शनीपाशी नव्वदाव्या भागाएवढा उरतो, त्यामुळे तिथे मोठी वस्ती सौर पटलांवर चालत नाही.

संरक्षण खातं मात्र लोक समजतात तसं नसेल. एक टन वजनाची वस्तू सेकंदाला १० किलोमीटर वेगाने आदळली तर सुमारे १२ टन टीएनटीच्या स्फोटाएवढी ऊर्जा सुटते. पाचशे टनांचं साधं मालवाहू जहाज म्हणजे शहर उद्ध्वस्त करणारं अस्त्र. याचा अर्थ इंजिनाचा परवाना, मार्गाची पूर्वनोंदणी आणि वस्तीच्या दिशेने येताना वेग कुठे उतरवायचा याचे नियम हेच खरं संरक्षण. नौदलाच्या लढाया रंगवायला हरकत नाही, पण केंद्राचा सगळ्यात ताकदवान माणूस हा परवाने देणारा अधिकारी असेल. त्याचं कार्यालय कोणत्या पक्षाकडे जातं, यावर निवडणुका लढल्या जातील.

शेषाधिकार, म्हणजे कोणत्याच सूचीत नसलेले विषय, घटकांकडे ठेवा. भारतीय घटनेच्या २४८व्या कलमाने ते संसदेकडे आहेत आणि तिथे ते चालतं, कारण केंद्राचा माणूस दुसऱ्या दिवशी कुठल्याही जिल्ह्यात पोहोचतो. टायटनवर नवा विषय उपटला तर केंद्राचा कायदा तिथे कागदच राहील, आणि न पाळला जाणारा कायदा बाकीच्या कायद्यांचीही किंमत घालवतो.

पैशाचा मुद्दा याहून महत्त्वाचा. घटकांकडून वर्गणी मागून जगणारं केंद्र मरतं, याचे पुरावे भरपूर आहेत. १७८१च्या संघराज्याच्या कलमांखाली, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या घटनेखाली, तिथल्या काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता. आयातीवर पाच टक्के जकात घ्यायचा प्रस्ताव आला, त्याला सगळ्या राज्यांची संमती लागत होती, आणि १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने तो बारगळला. मराठा राज्यसंघात वसुली सरदारांच्या हातून होई आणि सरंजामाच्या उत्पन्नावर फौजही तेच राखत. अशा वेळी मध्यवर्ती सत्तेचा दाब पिढीगणिक सैल होतो, त्याला कुणाचा दुष्टपणा लागत नाही. तुमच्या संघाचा कर म्हणूनच घटकाच्या तिजोरीतून येऊ नये. तो दोन ठिकाणी आपोआप कापला जावा: गोदीला जहाज लागताना मालाच्या वजनावर, आणि घटकांमधलं देणंघेणं चुकतं होताना रकमेवर. दर कमी ठेवा आणि सवलत कुणालाच देऊ नका. वजनावरचा कर पाणी आणि नायट्रोजन विकणाऱ्यांना झोंबेल, रकमेवरचा कर पृथ्वीवरच्या बँकांना. या दोन दरांचं प्रमाण काय असावं, हा तुमच्या राजकारणातला कायमचा वाद होईल. तसा वाद असणं चांगलंच. निरोगी संघराज्यात पक्ष अशाच कंटाळवाण्या वाटणाऱ्या आकड्यांवर उभे राहतात.

पृथ्वी नावाची अडचण

पृथ्वीवर आठशे कोटींहून अधिक माणसं आहेत. मंगळावर तुम्ही पन्नास लाख दाखवली, टायटनवर दोन लाख, तरी एक माणूस एक मत या तत्त्वावर बाकी सगळे मिळून शून्य होतात. सगळ्यांना समान मतं दिली तर काही लाख लोक आठशे कोटींवर राज्य करतात. दोन्ही गोष्टी टिकत नाहीत.

पृथ्वीला एकच घटक मानणं ही यातली सगळ्यात मोठी चूक. १८७१च्या जर्मन साम्राज्यात साठ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या एकट्या प्रशियाची होती. संघ परिषदेत ५८ पैकी १७ मतं तिची, आणि घटनादुरुस्ती अडवायला १४ पुरत. बाकी सगळे एक झाले तरी प्रशियाच्या मर्जीविना घटनेचा शब्द हलत नव्हता. उलटं उदाहरण वेस्ट इंडीज संघराज्याचं. ते १९५८ मध्ये झालं. जमैकाची लोकसंख्या निम्म्याच्या आसपास, पण कनिष्ठ सभागृहात तिला ४५ पैकी १७ जागा. १९६१च्या सार्वमतात जमैकाने बाहेर पडायचा कौल दिला, त्रिनिदादनेही साथ सोडली आणि १९६२ मध्ये संघराज्य विसर्जित झालं. मोठ्याला फार दिलं तर लहान गुदमरतात, कमी दिलं तर मोठा निघून जातो.

माझा सल्ला असा: पृथ्वीचे दहा-बारा घटक करा आणि त्यांच्यात एकमत नसेल अशी रेषा आखा. विषुववृत्ताजवळच्या प्रक्षेपणतळांच्या प्रदेशांचे हितसंबंध कक्षेतल्या व्यापाराशी जुळलेले असतात, इतरांचे नसतात. मग युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेसारखी दुहेरी अट घाला. तिथे ५५ टक्के देश आणि त्यांच्या मागे ६५ टक्के लोकसंख्या लागते, शिवाय ठराव अडवणाऱ्या गटात निदान चार देश असावे लागतात, म्हणजे दोन-तीन मोठे देश मिळून गाडी थांबवू शकत नाहीत. तुमच्याकडे लोकसंख्येची अट बरीच खाली आणावी लागेल, कारण पृथ्वीशिवाय ती कधीच पूर्ण होणार नाही. एक वेगळी मोजणीही करता येते: लोकसंख्येचं वर्गमूळ. आठशे कोटींचं वर्गमूळ सुमारे ८९ हजार, पन्नास लाखांचं सुमारे २,२००, दोन लाखांचं सुमारे ४५०. पृथ्वीचे दहा सारखे तुकडे केले तर प्रत्येकाचं वर्गमूळ २८ हजार येतं आणि दहांची बेरीज वाढून २ लाख ८० हजारांच्या घरात जाते. पृथ्वी फोडली की तिची एकूण मतं वाढतात, म्हणून मंगळवासी या तोडग्याला विरोध करतील आणि तो विरोध रास्त असेल. दोन उपाय एकत्र वापरू नका. एक निवडा आणि त्याचा जाच कुणाला होतो ते कथेत दाखवा.

पट्टा हा एक प्रदेश नाही

इथे जरा थांबायला हवं, कारण या ठिकाणी भूगोलच राजकारण लिहितो. सेरेसला सूर्याभोवती एक फेरी मारायला ४.६ वर्षं लागतात, पट्ट्यातल्याच व्हेस्टा या दुसऱ्या मोठ्या लघुग्रहाला ३.६३. हा फरक लहान असल्यामुळे दोघं एका बाजूला एकत्र येण्याची वेळ सुमारे १७ वर्षांनी येते. तेव्हा त्यांच्यात काही मिनिटांचंच अंतर असतं. त्यानंतर साडेआठ वर्षांनी ते सूर्याच्या विरुद्ध बाजूंना असतात, मध्ये सुमारे ७७ कोटी किलोमीटर, आणि संदेशाला ४३ मिनिटं. त्या काळात दोघांनाही पृथ्वी जास्त जवळची असते. नकाशात पट्टा एक दिसतो, पण त्यात राहणाऱ्यांना ‘शेजारी’ हा शब्द तात्पुरता आहे.

याचा राजकारणावर परिणाम असा. दोन्ही वस्त्या जवळ असताना मजूर, सुटे भाग, लग्नं, बाजारभाव सगळं एक होतं. पट्ट्याचा संयुक्त पक्ष जोर धरतो, एकच घटक व्हावं ही मागणी येते. मग अंतर वाढतं. व्हेस्टाचा माल मंगळाकडे वळतो, सेरेसचं पाणी दुसरीकडे जातं, आणि पक्षात फूट पडते. फुटीर नेत्यांवर विश्वासघाताचा आरोप होईल, पण त्यांचे मतदार खरोखरच दूर गेलेले असतील. हे १७ वर्षांचं चक्र आधीच काढून ठेवलंत तर तुमच्या राजकीय इतिहासाला आपोआप एक लय मिळते. पंचांगात ग्रहयोग असतात तसा इथे आघाड्यांचा हंगाम असतो. घटनेत मात्र सेरेस आणि व्हेस्टा वेगळे घटक ठेवा, आणि सामाईक संस्था दर १७ वर्षांनी नूतनीकरणाच्या अटीवर करू द्या.

गुरूच्या उपग्रहांची गोष्ट उलट आहे. ते एकमेकांच्या कायम जवळ आहेत. फक्त त्यांची राजधानी युरोपा या उपग्रहावर ठेवू नका. तिथल्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे ५.४ सीव्हर्ट किरणोत्सार असतो, उघड्यावरच्या माणसाचा जीव घ्यायला एक दिवस पुरे. कॅलिस्टो गुरूच्या किरणोत्सारी पट्ट्यांच्या बाहेर पडतो, म्हणून ती तिथे ठेवा.

राजधानी

बहुतेक नकाशांत राजधानी सेरेसवर असते, कारण तो ‘मध्यावर’ वाटतो. फिरत्या व्यवस्थेत मध्य नसतो. दोन कक्षांमधलं सर्वांत मोठं अंतर दोन्ही त्रिज्यांच्या बेरजेएवढं असतं. तेव्हा ज्याची कक्षा जितकी लहान, त्याचं इतरांपासूनचं सर्वाधिक अंतर तितकं कमी, आणि चढउतारही कमी. काळाची सरासरी काढली तर प्रत्येक ग्रहाला सर्वांत जवळचा ग्रह बुध निघतो. बुधाहून गुरूला संदेश जायला साधारण ४० ते ४७ मिनिटं, म्हणजे पृथ्वीपेक्षा फरक पुष्कळच थोडा. पण बुधाशी गाठ घालणं अवघड असतं. मेसेंजर यान ऑगस्ट २००४ मध्ये निघालं, वाटेत सहा वेळा ग्रहांच्या गुरुत्वाचा आधार घेतला आणि मार्च २०११ मध्ये बुधाच्या कक्षेत स्थिरावलं.

म्हणून राजधानीची दोन कामं वेगळी करा. कायद्यांची अधिकृत नोंदवही, मतमोजणीचा शिक्का आणि सामाईक घड्याळ हे सूर्याजवळच्या कक्षेतल्या स्थानकात ठेवा. तिथे माणसं थोडी लागतात आणि सर्वांना सारखा न्याय मिळतो. सचिवालय, न्यायालय, राजदूत जिथे माणसं पोहोचू शकतात तिथे, चंद्राच्या आसपास.

संसद: विलंबापेक्षा विषमता घातक

मिनिटांच्या विलंबाने निर्णय अडत नाही, संभाषण अडतं. सर्वांत वाईट स्थितीत गुरू आणि शनी सूर्याच्या दोन बाजूंना असताना एकेरी संदेशाला दोन तास लागतात. कायदा करायला एवढा वेळ काहीच नाही. खरा अन्याय विषमतेचा आहे. टायटनच्या प्रतिनिधीला पहिली दुरुस्ती वाचायला मिळेपर्यंत पृथ्वी आणि चंद्र पन्नास वेळा आपापसात बोललेले असतात. तडजोड ठरलेली असते, मतं वाटलेली असतात, आणि टायटनकडे फक्त हो किंवा नाही उरतं. हे काही वर्षं चाललं की बाहेरचे घटक प्रत्येक ठरावाला नाही म्हणू लागतात. केंद्रात त्याला आडमुठेपणा म्हणतील, पण त्याचं मूळ कामकाजाच्या नियमांत आहे.

उपाय असा. कामकाज फेऱ्यांमध्ये बांधा, एक फेरी चोवीस तासांची. फेरी चालू असताना दिलेल्या सगळ्या दुरुस्त्या कुलूपबंद राहतात आणि सामाईक घड्याळावर एकाच क्षणी सर्वत्र उघडतात. त्यासाठी मजकूर आधी कूटबद्ध पाठवायचा आणि किल्ली नंतर. विधेयकाला निदान पाच फेऱ्या सक्तीच्या करा: मांडणी, हरकती, दुरुस्त्या, दुरुस्त्यांवर दुरुस्त्या, मतदान. यात बिघडतं ते चौथ्या फेरीत. तिथे नवा विषय घुसडायला बंदी नसेल तर आतले घटक शेवटच्या क्षणी सौदा आणतात. चौथ्या फेरीत फक्त आकडे आणि तारखा बदलता याव्यात, नवं कलम नाही. या एका नियमाच्या मोडतोडीवर तुमचं एक अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

प्रतिनिधी प्रत्यक्ष जमावेत का? अमेरिकेची पहिली काँग्रेस ४ मार्च १७८९ ला भरायची होती, पण गणपूर्ती कनिष्ठ सभागृहात १ एप्रिलला आणि सिनेटमध्ये ६ एप्रिलला झाली. ते तर एका किनाऱ्यावरचे लोक होते. टायटनहून सहा वर्षं प्रवास करून कुणी सदस्य येणार नाही, आणि आलाच तर तो ज्यांच्या वतीने बोलतो ते मतदार बदललेले असतील. म्हणून सदस्य आपल्या ग्रहावर बसूनच काम करणार. त्याचा तोटा मोठा आहे. एकत्र जेवणं, एकमेकांची मुलं ओळखणं, रात्री उशिरा वाद मिटवणं यातून जो संघाचा म्हणून एक वर्ग तयार होतो, तो होत नाही. प्रत्येक जण आपल्या घरच्या जमावाकडे तोंड करून बोलतो. तो वर्ग दुसरीकडे घडवावा लागेल, बहुधा वाहतूक नियंत्रण आणि तपासणी खात्यांत, जिथे विशीतली माणसं दुसऱ्या ग्रहावर दहा वर्षांच्या नेमणुकीवर जातात. तुमचे खरे संघनिष्ठ तिथे सापडतील.

कार्यकारी मंडळाला ब्रिटिश धाटणीचा अविश्वास ठराव लावू नका. दोन फेऱ्यांच्या मध्ये सरकार पडलं की काही घटकांत जुने मंत्री हुकूम देत असतात आणि काहींत नवे. स्वित्झर्लंडचं सात जणांचं संघमंडळ इथे चपखल बसतं. सदस्य चार वर्षांसाठी निवडले जातात, मुदतीत हटवता येत नाहीत, आणि निर्णय मंडळ म्हणून घेतात. पाडण्याची सोय ठेवायचीच असेल तर जर्मनीसारखी, नवा प्रमुख निवडल्याशिवाय जुना जात नाही अशी. एकमताची अट मात्र कुठेही नको. पोलंडच्या सभेत एका सदस्याच्या नकाराने अधिवेशन मोडायची प्रथा १६५२ पासून रुजली आणि राज्य पंगू झालं.

मतदानाच्या दिवसाचाही विचार करा. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा, त्यामुळे मंगळावरची सकाळ आपल्या घड्याळात सरकत सरकत ३६-३७ दिवसांत पूर्ण फेरी मारते. ‘अमुक दिवशी सकाळी आठ ते सहा’ असा नियम सगळीकडे लागू होत नाही. मतदानाची वेळ प्रत्येक घटकाने ठरवावी, पण मोजणीचा निकाल शेवटचं मतदान केंद्र बंद होऊन त्याची खबर सर्वांना पोहोचेपर्यंत मोहोरबंद राहावा.

केंद्राचा माणूस, सूर्याआडचे दोन आठवडे

प्रत्येक घटकात केंद्राचा निवासी प्रतिनिधी लागेल. त्याने कुणाला काय शब्द द्यायचा, हे धूसर ठेवलं तर काय होतं याचं नेमकं उदाहरण १७७५चं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने राघोबादादांशी सुरतेचा तह केला. कंपनीच्या कलकत्ता सरकारने तो अमान्य करून १७७६ मध्ये पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला. पुढे लंडनच्या संचालकांनी सुरतेच्या तहाची बाजू उचलून धरली. तीन केंद्रं, दोन तह, आणि त्यातून लांबलेलं युद्ध. तुमच्या प्रतिनिधीच्या सनदेत म्हणूनच तीन रकाने असावेत: स्वतःच्या सहीने करता येईल ते, केंद्राच्या होकारानेच करता येईल ते, आणि कधीच करता येणार नाही ते. पहिला रकाना मोठा ठेवा आणि मुदत संपल्यावर कसून हिशेब तपासा. स्पॅनिश साम्राज्य पायउतार होणाऱ्या अधिकाऱ्याची अशी जाहीर चौकशी करत असे, तक्रारदारांना बोलावून.

पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये सूर्य आला की आजही यानांना आज्ञा पाठवणं सुमारे दोन आठवडे थांबवतात. ही वेळ दर २६ महिन्यांनी येते. सूर्याच्या रेषेबाहेर पुनःप्रसारण केंद्र ठेवलं की खंड भरून निघतो, पण ते केंद्र ज्याच्या मालकीचं, त्याच्या हातात संघाची मान. ते संघाच्या मालकीचं, त्याचे सांकेतिक नियम खुले, आणि कर्मचारी निदान तीन घटकांचे असू द्या. खंडाच्या काळात आणीबाणी जाहीर करायची वेळ आली तर स्थानिक सरकारने ती करावी, पण तिची मुदत आपोआप संपायला हवी. भारतात १९७१ मध्ये युद्धामुळे लागलेली आणीबाणी १९७५ मध्ये दुसरी लागली तेव्हाही चालूच होती, आणि दोन्ही उठल्या त्या १९७७ मध्ये. ४४व्या दुरुस्तीने १९७८ मध्ये दर सहा महिन्यांनी संसदेची संमती सक्तीची केली. तुमच्या घटनेत संमती नसेल तर आणीबाणी संपते असंच लिहा. ‘रद्द करण्यासाठी ठराव लागेल’ असं लिहिलंत तर ती कधीच संपणार नाही.

हवा

माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. दहा हजारांच्या वस्तीला ८.४ टन. तो यंत्रातून येतो आणि यंत्राला मालक असतो. ज्याच्या हातात झडप, त्याच्या विरोधात कुणी मत देत नाही. म्हणून मूलभूत हक्कांचं पहिलं कलम हवेचं: कर थकला, संप केला, शिक्षा झाली, नागरिकत्व गेलं, तरी हवा, पाणी आणि दाब तोडता येणार नाही. त्याच्या जोडीला साठ्याचा नियम, वस्तीला लागेल असा निदान नव्वद दिवसांचा साठा, केंद्राच्या निरीक्षकाने मोजलेला. यात फसवणूक कशी होते? एकच टाकी तपासणीच्या दिवशी दोन वस्त्यांच्या हिशेबात दाखवतात. निरीक्षकाने सगळ्या टाक्या एकाच तासात मोजाव्यात.

कायद्याचा इतिहास लिहिताना १९६७च्या अवकाश करारापासून सुरुवात करा. त्याच्या दुसऱ्या कलमाने कोणत्याही देशाला आकाशस्थ पिंडावर मालकी सांगता येत नाही, आणि आठव्या कलमाने यान ज्याच्या नावावर नोंदलं त्याचा त्यावर अधिकार राहतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात याच तत्त्वावर प्रत्येक भागीदाराचा आपल्या विभागावर अधिकार चालतो. म्हणजे मंगळावरची पहिली वसाहत जमीन कुणाचीच नाही आणि दरवाजा ओलांडला की कायदा बदलतो अशी असेल. तिथल्या रहिवाशांनी ‘नोंदणी कुणाची’ याऐवजी ‘राहतो कोण’ हा आधार मागणं, हीच तुमच्या संघाची जन्मकथा.

फुटून निघणं

रोखता येत नसेल तर मार्ग लिहून ठेवा. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९३३ मध्ये सुमारे दोन-तृतीयांश मतांनी वेगळं व्हायचा कौल दिला, ब्रिटिश संसदेने तो अर्ज विचारातच घेतला नाही आणि प्रकरण थंडावलं. टायटन असा अर्ज करणार नाही, तो कर कापणं बंद करेल. घटनेत सार्वमत, त्यानंतर सक्तीची वाटाघाट आणि दोन लाँच विंडोएवढी, म्हणजे जहाज निघण्याच्या दोन संधींएवढी, मुदत ठेवा. दोन एवढ्यासाठी की एकीत माणसांनी ये-जा करावी आणि दुसरीत मागे राहिलेल्यांनी.

विभाजनातही हवापाण्याचे करार अबाधित राहतील असं आधीच लिहा. सिंगापूर ९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियापासून वेगळं झालं, तेव्हा १९६१ आणि १९६२चे पाणीकरार पाळण्याची हमी विभक्तीच्या करारातच घातली होती. दोघांचं राजकारण कितीही तापलं तरी तो पाया राहिला. चंद्राला नायट्रोजन आणि कार्बन बाहेरून आणावा लागतो आणि टायटनचं वातावरण मुख्यतः नायट्रोजनचंच आहे, तेव्हा असा करार तुमच्याकडे पहिल्याच वर्षी लागेल.

वाटेतल्या माणसांचं कलम बहुतेक जण विसरतात. टायटनच्या मार्गावर कोणत्याही क्षणी काही हजार माणसं असतील, काहींनी पाच वर्षांपूर्वी संघाचे नागरिक म्हणून घर सोडलेलं, आणि पोहोचतील तेव्हा तिथे परदेश असेल. जहाज परत वळवायला इंधन नसतं. त्यांचं नागरिकत्व, नोकरीचा करार आणि हवेचा हक्क निघण्याच्या दिवशीच्या कायद्याने ठरेल, आणि पोहोचल्यावर पुढची विंडो उघडेपर्यंत दोन्ही बाजूंना तो बांधील राहील, एवढं त्या कलमात यायलाच हवं.